पृथ्वीची जहाजं आबांची, बंडखोर माझे

आपला माणूस पहिल्यांदा अवकाशात जाऊन आला, त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी पालीच्या वरच्या अंगाच्या आमच्या गावातून मांडवीला नांदायला आले. नवरा परदेशी जाणाऱ्या मालवाहू बोटीवर होता. लग्नासाठी सुट्टीवर आला तेव्हा त्याने नेहमीच्या वस्तू आणल्या होत्या, अत्तर, टेपरेकॉर्डर, सासूबाईंसाठी नायलॉनच्या साड्या. त्यांच्याबरोबर एक चपटी पेटीही होती. तिच्या झाकणावर काळ्या आभाळात दोन जहाजं एकमेकांवर आग ओकत होती. कुठल्यातरी बंदरात बोट सोडून घरी निघालेल्या एका सोबत्याने ती त्याला दिली होती.

"दोघांचा खेळ आहे," त्याने मला सांगितलं. "अवकाशातली लढाई. पण तुला नाही कळायचा. नियमांचंच एक पुस्तक आहे."

त्याने स्वतः ते पुस्तक अर्धंसुद्धा वाचलं नव्हतं. एका संध्याकाळी मित्रांना घेऊन बसला, थोड्या वेळाने सगळे कंटाळले आणि त्याच पटावर पत्ते सुरू झाले. सुट्टी संपली, तो बोटीवर गेला, पेटी कपाटावर राहिली.

"तुला नाही कळायचा" हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी रत्नागिरीच्या कॉलेजात बी.एस्सी.चं पहिलं वर्ष पास झालेली मुलगी होते. रोज पालीहून एसटीने ये-जा करून, कधी दांड्याला लोंबकळून, मी ते वर्ष काढलं होतं. दुसऱ्या वर्षाची फी भरायच्या आधी स्थळ आलं आणि शिक्षण तिथेच थांबलं. कोणी त्याबद्दल फार बोललं नाही. मीही नाही. पण दुपारी सगळे आडवे झाले की मी ती पेटी खाली काढायला लागले.

आत घडीचा मोठा नकाशा होता. काळाभोर, त्यावर पांढरे ठिपके, आणि सगळीकडे मधाच्या पोळ्यासारखी सहाकोनी घरं. जहाजं म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या. मारा लागला की चुकला ते ठरवायला दोन फासे. आणि ते पुस्तक. कॉलेजातला शब्दकोश शेजारी घेऊन मी ते ओळ न् ओळ वाचलं. पृथ्वीपासून फार लांबच्या ग्रहांवर माणसं राहायला गेलेली असतात. पृथ्वी त्यांच्याकडून बर्फ आणि धातू ओढून नेते आणि हुकूम सोडते. एक दिवस ती माणसं हुकूम ऐकायचं नाकारतात. पृथ्वीकडे मोठी, जाड कवचाची जहाजं, बंडखोरांकडे लहान, चपळ आणि थोडी. एकाने पृथ्वी घ्यायची, दुसऱ्याने बंडखोर. दोघांनीही आपापल्या जहाजांना द्यायचे हुकूम गुपचूप कागदावर लिहायचे, मग कागद एकदम उघडायचे आणि त्याप्रमाणे जहाजं हलवायची.

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम असा, की जहाज आपोआप थांबत नाही. गेल्या पाळीत ते जितकी घरं गेलं तितकीच घरं या पाळीतही त्याच दिशेने जाणार. वळायचं किंवा थांबायचं तर इंधन जाळायचं. ग्रहाच्या जवळून गेलं की ग्रह त्याला आपल्याकडे ओढणार. तो नियम वाचताना मला पदार्थविज्ञानाचा तास आठवला, खिडकीजवळचा बाकही आठवला. मी पुस्तक मिटलं. मग परत उघडलं.

नियम कळले, पण खेळायचं कोणाशी? आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माका नाय ता जमणार गो. डोळे दुखतात." घरात तिसरं माणूस म्हणजे सासरे, आबा.

आबा बोटीवर सारंग होते. डेकवरच्या खलाशांचे मुकादम. गुडघे गेले म्हणून घरी बसले होते. दिवसभर पडवीत झोपाळ्यावर, धक्क्याकडे तोंड करून. घराण्याच्या रीतीप्रमाणे मी त्यांच्यासमोर बसत नसे. चहा ठेवायचा, पदर सावरायचा आणि आत यायचं. त्यांनी माझ्याशी आणि मी त्यांच्याशी बोललेली वाक्यं सहज पाठ म्हणून दाखवता आली असती, इतकी ती मोजकी होती.

एका दुपारी मी चहा ठेवला आणि आत आले नाही.

"आबा, एक विचारायचं होतं. बोटीचं इंजिन बंद केलं तर बोट लगेच थांबते का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लगेच? भरलेली बोट इंजिन बंद करूनसुद्धा मैल मैल जाते. कप्तान नवा असला तर धक्का फोडतो. का गो?"

"एक खेळ आहे. त्यातली जहाजंही थांबत नाहीत."

पेटी घेऊन आले. नकाशा पडवीच्या कोब्यावर पसरला. मी उभ्यानेच समजावू लागले, तर आबा म्हणाले, "उभी राहून काय सांगतेस? आणि मला वाकून दिसत नाय. तो स्टुलावर मांड. समोर बस."

मी समोर बसले. मोठी जहाजं आपल्याला ठाऊक आहेत म्हणून त्यांनी पृथ्वी घेतली. बंडखोर माझ्याकडे आले आणि शेवटपर्यंत माझ्याकडेच राहिले.

पहिल्याच डावात माझं सगळ्यात वेगवान जहाज ग्रहावर आपटलं. सूत्र मला येत होतं, पण किती आधी वळायला सुरुवात करायची हे आबांना अंगातून कळत होतं. ते हुकूम लिहायला वेळ घेत. चष्मा कपाळावर, पेन्सिल ओठावर. इंग्रजी अंकांत लिहीत, शब्द मराठीत. "उजवीकडे एक, हळू." मी हरत गेले. त्यांनी एकदाही मला सोडलं नाही, आणि मला ते आवडलं. त्या घरात तोवर मला सगळे जपून वागवत होते, पाहुण्याला वागवतात तसं. आबांनी मात्र माझी जहाजं एकामागून एक फोडली.

मग मी त्यांचा स्वभाव ओळखायला लागले. ते इंधन राखून ठेवत, कारण खऱ्या समुद्रात तसंच करतात. त्यांची मोठी जहाजं म्हणून सरळ रेषेत येत. मी ग्रहाच्या आडून, ग्रहाच्याच ओढीचा फायदा घेऊन, त्यांच्या मागे निघायला शिकले. एका दुपारी पृथ्वीचं शेवटचं जहाज मी पाडलं. आबांनी काठी घेतली, किनाऱ्याच्या पुळणीवर गेले, दिवेलागणीला परत आले, जेवले, झोपले. मला वाटलं, संपलं. सुनेने हरवलं, आता हा खेळ बंद.

दुसऱ्या दिवशी चहा ठेवायला गेले तर स्टूल आधीच पुढे ओढलेलं. "मांड," ते म्हणाले. "तू मागून येतेस ते मला कळलंय आता."

पडवी रस्त्याला लागून. मासे घेऊन जाणाऱ्या बायका, शाळेची पोरं, पोस्टमन, सगळ्यांना आम्ही दिसत होतो. चिऱ्याच्या कुंपणापलीकडून कोणी विचारायचं, "काय खेळताय?" आबा वर न बघता म्हणायचे, "लढाई चालू हाय."

शेजारच्या घरात आबांचे थोरले बंधू राहत. त्यांना सगळे मोठे बाबा म्हणत. भावकीत त्यांचा शब्द शेवटचा. ते रोज नारळाच्या, पाण्याच्या, वाटणीच्या काही ना काही कामाने यायचे आणि आम्हाला बघून घसा खाकरायचे. मी उठून आत जावं अशी ती खूण होती. पहिल्यांदा मी उठले. नंतर उठायचं सोडलं. पाळी अर्धी टाकून कसं उठणार?

गणपतीत मुंबईची मंडळी आली, घर भरलं. तेव्हा खेळ बंदच होता. विसर्जन झालं, मुंबईकर परत गेले आणि मी पुन्हा पेटी काढली. त्या दुपारी मोठे बाबा आले ते उभेच राहिले.

"तुला मी काय सांगतो ते ऐक," ते आबांना म्हणाले. माझ्याकडे पाहिलंही नाही. "सून सासऱ्यासमोर मांडीला मांडी लावून बसते. फासे टाकते. मुंबईची माणसं हसत गेली. जुगाराचा अड्डा केलाय काय घराचा?"

आबा म्हणाले, "जुगार कसला दादा. पुठ्ठे आहेत."

"पोरगा तिकडे समुद्रात, आणि ही इथे रस्त्यावर दात काढत बसते. तू घरातला मोठा माणूस. तुला कळत नाय?"

ते गेले. आबांनी त्यांची पाळी लिहिली नाही. पेन्सिल स्टुलावर ठेवली आणि म्हणाले, "राहू दे आता तो खेळ."

"डाव संपवून ठेवू का?"

"राहू दे म्हणतो ना."

मी आत आले. चुलीपुढे बसले आणि रडले नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, इतका राग आला होता. मोठ्या बाबांचा तर आलाच, पण आबांचा जास्त. अख्खा जन्म वादळात काढलेला माणूस भावाच्या एका खाकरण्याला भ्यायला. आणि मी काय केलं होतं? घरातलं एक काम मागे ठेवलं नव्हतं. पाणी भरलं होतं, मासळी निवडली होती, कुळीथ दळले होते. उरलेली दुपार माझी होती.

दुसऱ्या दिवशी मी आबांना चहा दिला, स्टूल ओढलं, नकाशा पसरला आणि मोडलेला डाव होता तसा मांडला.

"मी काय सांगितलं?" आबा म्हणाले.

"तुम्ही खेळू नका, आबा. मी खेळणार आहे."

"एकटी?"

"दोन्ही बाजूंनी."

ते झोपाळ्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी पृथ्वीचे हुकूम लिहिले, मग बंडखोरांचे. एकटीने हा खेळ खेळणं वेड्यासारखंच आहे. दोन्ही बाजूंचं गुपित आपल्यालाच ठाऊक. तरी मी कागद पालथे घालत होते, उघडत होते, फासे टाकत होते. मुद्दाम जोरात टाकत होते, खरं सांगायचं तर. रस्त्यावरचं कोणी थांबलं की मान वर करून त्याच्याकडे बघत होते. बहुतेक लोक मग पुढे जात.

आई दाराशी आल्या. "उन्हाची का बसतेस? आत बस. माजघरात कोण बघणार नाय तुला."

"म्हणूनच इथे बसले, आई."

त्या आत गेल्या. मला वाटलं, आता त्याही दुखावल्या. थोड्या वेळाने त्या सुपात सुकट घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या बाजूला पाय पसरून निवडायला बसल्या. त्या जागी बसून त्यांनी कधी सुकट निवडली नव्हती, ते काम मागच्या पडवीत व्हायचं. दुसऱ्या दिवशीही त्या आल्या. तिसऱ्या दिवशी मी मांडायच्या आधीच सूप घेऊन बसलेल्या. पुठ्ठ्यांना सुकटीचा वास लागला तो कायमचा.

असं बरेच दिवस चाललं. आबा झोपाळ्यावर, मी आणि आई खाली. मोठे बाबा येत, बघत, जात. एकदा त्यांनी आईंना विचारलं, "तूसुद्धा?" आई म्हणाल्या, "मी सुकट निवडतेय." मोठे बाबा आल्या पावली परत गेले.

एकटीने खेळताना मी बंडखोरांच्या बाजूने झुकत होते. पृथ्वीची जहाजं मी निष्काळजीपणे हाकत होते, इंधन वाटेल तसं उडवत होते. एक दुपार अशी आली की पृथ्वीची निम्मी जहाजं पडली होती आणि उरलेलं सगळ्यात मोठं जहाज मी पूर्ण वेगात ग्रहाकडे सोडलं. मोठे बाबा त्याच वेळी कुंपणाशी येऊन उभे होते.

"वळव तिला," मागून आवाज आला.

मी मान वळवली. आबा झोपाळ्यावर उठून बसले होते. माझ्या खांद्यावरून नकाशा त्यांना दिसत होता. किती दिवस ते बघत होते कोण जाणे.

"आत्ता नाय वळवलीस तर नंतर वळणार नाय ती," ते म्हणाले. "माझी जहाजं असली चालवतेस होय?"

"तुम्ही सोडून गेलात ती," मी म्हटलं. "कोणीतरी चालवायला हवीत."

आई सुकट पाखडायच्या थांबल्या. मोठे बाबा कुंपणाच्या आत आले. आबा काठीच्या आधाराने उठले. गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागला. ते स्टुलाच्या पलीकडे त्यांच्या जागी येऊन बसले.

मी नकाशा आवरायला हात घातला. "नवीन मांडते."

"कोणी सांगितलं नवीन मांड म्हणून? आहे तिथून खेळतो."

"हरलेली बाजू आहे ती, आबा."

"ठाऊक आहे मला."

मोठे बाबा म्हणाले, "तुला सांगून गेलो होतो मी."

"सांगितलंस," आबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. "मी ऐकलंसुद्धा. इतके दिवस भिंतीकडे बघत पडून राहिलो, ते तू सांगितलंस म्हणून. आता पुरे, दादा. माझ्या पडवीत माझी सून बसेल. बसायचं तर तूही बस, जागा हाय."

मोठे बाबा बसले नाहीत. पुढे वर्षभर त्यांनी आमच्या पडवीत पाऊल ठेवलं नाही. निरोप माणसांबरोबर धाडत. आबांना ते लागलं, मला दिसत होतं, पण त्यांनी तोंडातून काढलं नाही. त्या दुपारी त्यांनी ते मोठं जहाज ग्रहाच्या अगदी कडेने काढलं, जवळजवळ सगळं इंधन जाळून. तरी ते हरले. हरायचेच होते. उरलेली दोन जहाजं त्यांनी अशी लढवली की मला संध्याकाळचं पाणी भरायला उशीर झाला.

नवरा पुढच्या सुट्टीला आला तेव्हा नकाशाच्या घड्या फाटून मागून कापड चिकटवलेलं होतं आणि रत्नागिरीच्या दमटपणात सोंगट्या फुगल्या होत्या. "हे काय केलंत?" तो म्हणाला. "चल, तुला शिकवतो." आबा झोपाळ्यावर पेपरमागे गेले. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी नवऱ्याला हरवलं. तो म्हणाला, फासे चांगले पडले. दुसऱ्या दिवशी परत हरवलं. तिसऱ्या दिवशी त्याने जयगडच्या मित्राला बोलावलं, तोही बोटीवरचा. दोघे एकीकडे, मी एकीकडे. मध्येच नवरा म्हणाला, "आधी चहा टाक दोन कप."

"पाळी संपली की टाकते."

"पाहुणा बसलाय."

"मीही बसलेय," मी म्हटलं, आणि हुकूम लिहीत राहिले. मित्र हसला, नवरा नाही. चहा आईंनी आणला आणि लेकाच्या हातात देताना एवढंच म्हणाल्या, "ती हुकूम लिहितेय ना."

जाताना त्याने पेटी आपल्या बॅगेत भरली. "बोटीवर वेळ जात नाही," तो म्हणाला. "इथे तुला काय कामाची?"

मी भांडले नाही. "तुमचीच आहे, न्या," म्हटलं. तो एसटीत बसल्यावर परत येताना मी बाजारात थांबले आणि जाड पुठ्ठा, काळी शाई, कंपास घेतला. आबांनी ट्रंकेतून एक जुना, बाद झालेला सागरी नकाशा काढला आणि उलटा पसरला. त्याच्या कोऱ्या पाठीवर मी कंपासने सहाकोनी घरं आखली. नियम मला तोंडपाठ होते. त्यातले काही आम्ही बदललेही. पृथ्वीची इंधनाची टाकी आबांना लहान वाटत होती, मी ती वाढवून दिली, आणि बदल्यात बंडखोरांना आणखी एक ग्रह घेतला.

घरं आखता आखता मी त्यांना म्हटलं, "जूनमध्ये मी कॉलेजात नाव घालणार आहे."

आबा सोंगट्या कापत होते. "विचारतेस की सांगतेस?"

"सांगतेय."

"मग ठीक," ते म्हणाले.

नवऱ्याला ते पुष्कळ दिवस ठीक वाटलं नाही. त्याने नाराजी लिहून कळवली, मी उत्तरात कॉलेजचं वेळापत्रक लिहून कळवलं. पुढे सवय झाली त्याला. आमचा संसार काही वाईट झाला नाही. अवकाशातल्या लढाईची पेटी कुठल्यातरी बंदरात त्यानेही कोणालातरी देऊन टाकली, जोडीदार मिळत नव्हता म्हणे. मी बी.एस्सी. झाले, नंतर बी.एड. आणि गावातल्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवलं. आबांनी माझा पदवीचा निकाल पाहिला. त्या दिवशी तरी ते मला जिंकू देतील असं वाटलं होतं. नाही दिलं.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेआधीची गोष्ट. मी मागच्या विहिरीवर होते. मोठ्या बाबांची नात माडांमधून आली. आठवी-नववीत असेल. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "काकी, मला शिकवशील तो जहाजांचा खेळ? आजोबा ओरडतील म्हणून मागनं आले. आपण इथेच खेळू."

मी हात पुसले.

"शिकवीन," मी म्हटलं. "पण इथे नाही. घरी जा, आणि रस्त्याने, पुढच्या पायऱ्यांनी ये."

"आणि त्यांनी बघितलं तर?"

"बघू दे."

ती माडांमधून परत गेली. येईल की नाही मला माहीत नव्हतं. मी पडवीत जाऊन स्टूल पुढे ओढलं आणि नकाशा पसरला. आबांनी जरा सरकून जागा केली. थोड्या वेळाने कुंपणाचं फाटक वाजलं. ती वेणी घट्ट बांधून आली होती, तोंड लाल झालेलं. पायऱ्या चढली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"कुठली बाजू घेशील?" मी विचारलं.

तिने दोन्हीकडच्या सोंगट्या नीट बघितल्या.

"बंडखोर," ती म्हणाली.

"ते माझे आहेत," मी म्हटलं. "आधी मला हरव, मग माग."